समुद्राच्या लाटांवर बसायला कोणती हौशी कयाक घ्यावी?

सागरेश्वरचा पाहुणा (प्रश्न)

मी पुण्यात नोकरी करतो. मूळ घर वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला असल्याने पावसाळा सोडून दर महिन्या-दीड महिन्याने तिकडे फेरी होते. गेली दोन वर्षे खवण्याच्या खाडीत भाड्याची कयाक घेऊन कांदळवनातून हिंडलो आणि वल्हवण्याची गोडी लागली. खाडीतला सराव आता बरा झाला आहे. सरळ जाता येते, वळता येते आणि वाऱ्याविरुद्ध परत येण्याइतका दमही आहे. परंतु घरासमोर सागरेश्वरची पुळण असताना केवळ खाडीतच फिरत राहणे मनाला पटत नाही. फुटणाऱ्या लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत घसरत येण्याचा जो आनंद फळीवर उभे राहणाऱ्या मंडळींना मिळतो, तो मला बसून, हातात वल्हे धरून मिळवायचा आहे. खास सर्फिंगसाठी घडवलेली कयाक घेण्याइतका माझा अधिकार नाही आणि तेवढे पैसेही नाहीत. शिवाय तीच होडी एखाद्या संध्याकाळी खाडीतही नेता यावी अशी इच्छा आहे, म्हणून हौशी वापराच्या, ज्यांना रिक्रिएशनल म्हणतात त्याच प्रकारात निवड करायची आहे.

चार पर्याय मी बाजूला काढले आहेत. पहिली १० फुटी, २९ इंच रुंद, आत पाय घालून बसायची. बसण्याची जागा ऐसपैस, पाठीला चांगला टेका आणि मागे सामानाचा बंद कप्पा. दुसरी ९ फुटी, ३१ इंच रुंद सिट-ऑन-टॉप, म्हणजे जिच्या वर उघड्यावर बसायचे आणि जिला निचऱ्याची आरपार छिद्रे असतात ती. तिसरी त्याच पद्धतीची, पण १२ फुटी आणि दोघांची. माझी १२ वर्षांची मुलगी चांगली पोहते आणि तिला सोबत यायचे आहे, म्हणून ती विचारात घेतली. चौथी हवा भरून फुगवायची, जी गाडीच्या डिकीत मावते आणि खिशालाही सर्वांत हलकी आहे. माझे वजन ८२ किलो, उंची ५ फूट ९ इंच, वय ४१. दुकानदाराचा आग्रह पहिलीचा आहे; त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती सर्वांत स्थिर आहे आणि पाय आत असल्याने माणूस लाटेत बाहेर फेकला जात नाही. खाडीत मी तशाच होडीत बसलो होतो आणि ती खरोखर हलत नव्हती. लाटेसाठी हाच निकष लावावा का, आणि नसेल तर कोणता लावावा, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

ला होया किनारा

दुकानदाराची दोन्ही विधाने खाडीपुरती बरोबर आहेत आणि लाटेत दोन्ही उलटी होतात. मी मूळचा ठाण्याचा. गेली अकरा वर्षे कॅलिफोर्नियात सॅन डिएगो येथे राहतो आणि ला होया शोअर्स या किनाऱ्यावर बहुतेक शनिवारी सकाळी कयाक घेऊन पाण्यात असतो. माझी पहिली होडी तुमच्या पहिल्या पर्यायाची जुळी बहीण शोभावी अशी होती, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी स्थिरतेविषयी. रुंद आणि सपाट तळाची होडी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर राहू पाहते. खाडीत पृष्ठभाग समतल असतो, त्यामुळे होडीही समतल राहते आणि आपण तिला स्थिर म्हणतो. लाटेपुढे मात्र होडी आडवी फिरली, आणि नवशिक्याची ती पहिल्या काही सेकंदांतच फिरते, की तिच्याखालचा पृष्ठभाग उतरता असतो. समांतर राहण्याच्या त्याच हट्टापायी होडी किनाऱ्याच्या बाजूला कलते, तिकडची कड पाण्यात रुतते, मागून लाट ढकलतच असते, आणि वल्हेकरी किनाऱ्याच्या दिशेने डोक्यावर जातो. हे टाळायचे तर होडी लाटेच्या बाजूला कलती करावी लागते आणि वल्ह्याचे पाते फेसावर टेकवून त्यावर रेलावे लागते. येणाऱ्या लाटेकडेच झुकायचे, ही गोष्ट सुरुवातीला मन मान्य करत नाही. शरीर आपोआप उलट्या बाजूला पळते. तळ जेवढा रुंद आणि सपाट, तेवढे होडीला लाटेकडे कलते ठेवणे अवघड. म्हणजे खाडीत ज्या गुणामुळे ती हलत नव्हती, तोच गुण लाटेत तुम्हाला उलटवणार आहे.

आता तुम्ही म्हणाल की मग ९ फुटी सिट-ऑन-टॉप तर ३१ इंच, आणखीच रुंद आहे. खरे आहे, आणि ती उलटेलही. पहिल्या हंगामात तुम्ही कोणत्याही होडीतून पडणारच आहात. म्हणून निवड करताना होडी उलटते का, यापेक्षा उलटल्यावर पुढे काय होते, हे पाहावे असे माझे मत आहे. सिट-ऑन-टॉप उलटली तर तुम्ही सुटून पाण्यात पडता, होडी पुन्हा सरळ करता, वरचे पाणी छिद्रांतून आपोआप निघून जाते आणि तुम्ही पोट टेकवून पुन्हा वर चढता. सरावाने याला अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ लागतो. ऐसपैस जागेची आत बसायची होडी उलटली की तिच्यात दीडशे लिटर पाणी सहज शिरते, म्हणजे तिचे वजन एकदम दीडशे किलोने वाढते. ती उथळ पाण्यात येईपर्यंत उपसता येत नाही, तिच्यात चढता येत नाही, आणि तोवर प्रत्येक लाट ते सगळे ओझे किनाऱ्याकडे, म्हणजे नेमके जेथे माणसे कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात तेथे, लोटत असते. माझी होडी पहिल्याच सकाळी अशी भरली. दोन अनोळखी माणसांच्या मदतीने ती पालथी करून रिकामी केली तेव्हा माझ्या पिंडरीवर आणि अभिमानावर बऱ्यापैकी ओरखडे होते. दुकानदार स्प्रे-स्कर्ट, म्हणजे कमरेभोवतीचे जलरोधक आच्छादन, देऊ करील. परंतु एवढ्या मोठ्या तोंडावर ताणलेले कापड फुटत्या लाटेच्या माराने आत कोसळते. नदीच्या आणि समुद्राच्या ज्या कयाकमध्ये पाय आत घालून लाटा खेळतात, त्यांचे तोंड लहान असते, मांड्या आतून घट्ट टेकलेल्या असतात आणि चालवणाऱ्याला उलटलेली होडी आतूनच सरळ करता येते. ते शास्त्र निराळे आहे आणि ते शिकायला गुरू लागतो.

लांबीविषयीही थोडे गणित मांडतो, कारण ते एकदा समजले की पुष्कळ जाहिराती आपोआप गळून पडतात. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटते, आणि उथळ पाण्यात तिचा वेग खोलीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्यामुळे ६० सेंटिमीटरची लाट फुटते तेव्हा ताशी सुमारे १० किलोमीटर वेगाने धावत असते आणि १ मीटरची ताशी १२ ते १३. नऊ फुटी होडी जीव तोडून वल्हवली तरी ताशी सातच्या फारशी पुढे जात नाही. मधला फरक लाटेचा उतार भरून काढतो. होडी उताराला लागली की ती तरंगत जाणे सोडून घसरू लागते. लांब होडीचा मूळ वेग जास्त असल्याने ती लाट लवकर, अजून फुटायची असतानाच पकडते, हा तिचा फायदा. पण उतार तीव्र होऊ लागला की तिचे लांबलचक नाक पुढच्या खळग्यात शिरते, मागचे टोक लाट उचलते, आणि होडी एक तर नाकावर उभी राहते नाहीतर झटक्यात आडवी होते. आखूड होडीला लाट फुटण्याच्या अगदी जवळ जाऊन पकडावी लागते, पण ती त्या खळग्यात मावते. तुमच्या उंची-वजनाला ९ ते १० फूट ही लांबी योग्य आहे.

यापुढे पाहायचे ते रॉकर, म्हणजे तळाला नाकापासून मागच्या टोकापर्यंत असलेला केळ्यासारखा बाक. नाक वर उचललेले असेल तर ते खळग्यात कमी रुतते आणि होडी वळतेही चटकन; त्याची किंमत म्हणून खाडीत ती थोडी डोलत, संथ चालते. ओशन कयाक या कंपनीची फ्रेन्झी ही ९ फुटी होडी या घडणीचा जुना आणि सर्वपरिचित नमुना आहे. ती आयात करा असे मी म्हणत नाही. तिचे बाजूने काढलेले छायाचित्र पाहा आणि तुमच्या दुकानातल्या होडीचा बाक त्याच्याशी ताडून बघा. जाता जाता एक सांगण्यासारखी गोष्ट. सिट-ऑन-टॉप ही जातच लाटांच्या किनाऱ्यावर जन्मली आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस टिम निमियर यांनी मालिबू येथे सर्फबोर्डात बसण्यापुरता खळगा करून तिची सुरुवात केली आणि पुढे त्यातूनच ती कंपनी उभी राहिली. आपल्याकडे ही होडी तलावावरच्या सहलीचे साधन म्हणून आली, त्यामुळे तिच्याकडे खेळणे म्हणून पाहिले जाते.

मांद्र्याची वाट

वरील उत्तराशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. मी गोव्यात मांद्र्याला राहते आणि हंगामात पाहुण्यांना सिट-ऑन-टॉपवर समुद्रात नेते, त्यामुळे भौतिकशास्त्रापेक्षा होडी हाताळून जे कळते ते सांगते.

दुकानात गेल्यावर होडी उलटी करून जमिनीवर ठेवायला सांगा आणि तळावरून हात फिरवा. बसण्याच्या जागेखाली तळ बऱ्यापैकी सपाट (तो कलता ठेवायला अवघड असला तरी घसरायला तोच लागतो) आणि बाजूच्या कडा हाताला जाणवतील इतक्या स्पष्ट असतील, तर ती लाटेवर घसरेल आणि कड धरून वळेल. पुष्कळ स्वस्त होड्यांच्या तळाला सरळ जाण्यासाठी लांब, खोल पन्हळी काढलेल्या असतात. खाडीत त्या उपयोगी असल्या तरी लाटेवर होडी आगगाडीसारखी रुळावरून हलायला तयार होत नाही. मग निचऱ्याची छिद्रे पाहा. ती बसण्याच्या जागेत आणि पायांच्या जागेत, दोन्हीकडे हवीत आणि बोटभर नव्हे तर चांगली रुंद हवीत. बसायच्या जागेत छिद्रच नसेल तर प्रत्येक लाटेनंतर तुम्ही टबात बसलेले असाल. छिद्रांना लावायची बुचे दुकानदार हौसेने देतात, ती लाटेत वापरायची नाहीत.

तिसरी गोष्ट झाकणांची. सिट-ऑन-टॉपच्या पोटात हवा असते म्हणून ती तरंगते, आणि बहुतेकींच्या पोटात आडवे पडदे नसतात. नाकावर सामानासाठी मोठे झाकण असेल आणि ते लाटेच्या माराने निघाले किंवा गळू लागले, तर पाणी पोटात जाऊन एका टोकाला धावते आणि होडी उभी बुडू पाहते. मागे एका पाहुण्याने स्वतःची होडी आणली होती, तिचे झाकण नीट बसत नव्हते. वरून काहीच दिसले नाही, पण चौथ्या लाटेनंतर होडी वळेनाशी झाली आणि किनाऱ्यावर ओढताना तिघे लागले. लाटेसाठीच्या होडीला झाकणे जितकी कमी तितके बरे, आणि एखादा निचऱ्याचा स्क्रू असला म्हणजे पुरे. मासे पकडणाऱ्यांसाठीच्या होड्यांवर गळ अडकवण्याचे खांब, पेल्याच्या जागा, उंच धातूची खुर्ची असा संसार असतो. उलटताना त्यातील प्रत्येक वस्तू बरगडीत शिरू शकते. तुमच्या ९ फुटीवर असे काही असेल तर ते काढून मागा, नसता दुसरी पाहा.

मतभेद आहे तो फुगवायच्या होडीबाबत, कारण वर त्यांनी तिचा उल्लेखच केलेला नाही आणि प्रश्नकर्त्याचा डोळा किमतीमुळे शेवटी तिच्यावरच जाईल अशी मला भीती वाटते. साध्या प्लॅस्टिकच्या कापडाची, नळीसारख्या बाजूंची होडी लाटेच्या माथ्यावर मधोमध वाकते, वाऱ्याने कागदासारखी उडते आणि एका शिंपल्याने तिची सकाळ संपते. जाड, टणक तळाच्या चांगल्या फुगवायच्या होड्या असतात, त्या गुडघाभर फेसात मजेदारही वाटतात. पण त्यांची किंमत पाहता मग प्लॅस्टिकचीच घ्यावी.

मांड्यांच्या पट्ट्यांविषयी कोणी ना कोणी तुम्हाला सांगेलच. पायाच्या खोबणीपासून मागे कमरेपर्यंत जाणारे हे रुंद पट्टे गुडघ्याच्या वरून मांडीवर येतात आणि त्यांच्यामुळे होडी गुडघ्यांनी कलती करता येते. वर सांगितलेले लाटेकडे झुकणे सिट-ऑन-टॉपवर पट्ट्यांवाचून फारसे साधत नाही, कारण झुकते ते फक्त आपले धड आणि होडी खालून निसटते. तरीही पहिले सात-आठ दिवस पट्टे लावू नका. आधी मोकळेपणाने पडायला, होडी धरायला आणि चढायला शिका; मग पट्टे लावून कमरेएवढ्या शांत पाण्यात मुद्दाम उलटून, गुडघे जवळ घेऊन सुटण्याचा सराव करा, आणि त्यानंतरच लाटेत जा. होडीला पट्टे अडकवण्याच्या चार कड्या कारखान्यातूनच बसवलेल्या आहेत का, हे खरेदीच्या वेळी अवश्य बघा.

वल्हे फार लांब नको. तुमच्या उंचीला २२० सेंटिमीटरच्या आसपासचे पुरे. ते हाताला किंवा होडीला दोरीने बांधण्याची खाडीतली सवय लाटेत सोडा. पाण्याखाली गळ्याभोवती दोरी येणे फार वाईट, वल्हे हरवलेले परवडले. जीवरक्षक जाकीट आणि हेल्मेट यांवर चर्चा करण्यासारखे काही नाही.

तांडेलाचा नातू

आमचे घर देवबागला, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. मी स्वतः कयाक विकत घेतलेली नाही, परंतु भावाच्या पर्यटनाच्या कयाक हाताळतो आणि लहानपणापासून रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होडीतून लाटा ओलांडल्या आहेत. तुम्ही होडीची चौकशी केलीत, आणि ती वर उत्तम झाली आहे. पण आपल्या किनाऱ्यावर कोणत्या दिवशी कोणत्या पाण्यात ती लोटणार, यावरही होडीची निवड अवलंबून आहे, म्हणून लिहितो.

ऑक्टोबर ते मे या महिन्यांत आपल्याकडे पुष्कळ दिवस लाट गुडघ्यापासून कमरेपर्यंतच असते आणि सपाट पुळणीवर ती वरून फेसाळत, ढासळत येते. शिकायला अशीच लाट हवी. अशा लहान लाटेला जड होडी उचलणे जमत नाही. १२ फुटीत एकटे बसून तुम्ही लाटेची वाट पाहाल आणि ती खालून निघून जाईल. हलकी ९ फुटी ती लाट पकडेल. जेथे पुळण तीव्र उताराची असते तेथे लाट उभी राहून एकदम वाळूवर आदळते. तेथे होडी कोणतीही असो, उतरू नये. एकाच किनाऱ्यावर भरतीला वरच्या उतारावर अशी आदळणारी लाट आणि अर्ध्या ओहोटीला खालच्या सपाट वाळूवर ढासळणारी लाट, असे दोन्ही दिसू शकते. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, म्हणून सागरेश्वरला एक दिवस नुसते बसून कोणत्या वेळी लाट कशी फुटते ते पाहून ठेवा. मुंबईच्या मित्राने सांगितलेली वेळ वेंगुर्ल्याला लावू नका. तिकडचा फरक याच्या जवळजवळ दुप्पट असतो.

दुपारनंतर, विशेषतः फेब्रुवारी ते मे, खारे वारे चढतात आणि पाणी नुसते खवळल्यासारखे होते. लाटेला आकार राहत नाही. पहाटे मतलई वारा असतो, तो जमिनीकडून वाहतो म्हणून लाटेचे तोंड स्वच्छ, गुळगुळीत राहते आणि तीच वेळ उत्तम. मात्र तोच वारा रिकामी होडी समुद्रात ओढून नेतो. पडलात तर पोहत किनारा गाठण्याच्या आधी होडीवर हात पडला पाहिजे. कयाकची हलकी पोकळ काया वाऱ्यावर किती झपाट्याने जाते, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. माझा भाऊ पट्टीचा पोहणारा असून एकदा त्याला मागे वळावे लागले आणि ती होडी मासेमारीच्या नौकेने परत आणली.

नदीच्या तोंडापासून लांब राहा. कर्लीच्या मुखाशी आणि तशाच लहान-मोठ्या सगळ्या खाड्यांच्या तोंडांशी वाळूच्या दांड्यावर देखण्या लाटा फुटतात, त्या पाहून नवख्यांना मोह होतो. पण ओहोटीचे पाणी बाहेर पडत असते आणि समोरून लाट येत असते, त्या कचाट्यात आमचे जुने लोकही वेळ पाहूनच होडी घालत. मोकळ्या पुळणीवरसुद्धा जेथे दोन्ही बाजूंना फेस आहे आणि मधला पट्टा गडद, शांत दिसतो, तेथे पाणी बाहेर ओढत असते. वल्हेकऱ्याला बाहेर जायला ती वाट सोयीची असते हे खरे, परंतु त्याच वाटेत पडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, आडवे सरकून फेसात या.

आणखी एक, जे शहरी मंडळींना सांगावेच लागते. सकाळी रापण ओढण्याचे काम चालू असेल तर त्या जाळ्याच्या दोन्ही दोरांच्या मध्ये किंवा जवळपास जाऊ नका. ते काम संपेपर्यंत किनाऱ्यावर बसा, दोर ओढायला हात लावा. माणसे ओळखीची होतात आणि कोणत्या भागात दगड आहेत हे तेच सांगतील. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांनाही मासेमारी बंद असते. त्या पाण्याविषयी कयाकवाल्याने विचारही करू नये. हंगामातही हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज पाहूनच निघा. वारा पडलेला असूनही दूर दक्षिणेच्या महासागरातून आलेली लांब लाट एखाद्या दिवशी अचानक उंच फुटते, आणि वरवर समुद्र निवांत दिसतो.

सागरेश्वरचा पाहुणा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. शनिवारी पुन्हा दुकानात जाऊन आलो. पहिला पर्याय रद्द केला; दुकानदार थोडा नाराज झाला, पण होडी उलटी करून दाखवली. ९ फुटीचा तळ मधे सपाट आहे, कडा हाताला लागतात आणि नाक जमिनीपासून चांगले चार बोटे वर उठते. छिद्रे सहा आहेत, त्यांतील दोन बसण्याच्या जागेत. नाकावर झाकण नाही, मागे एक हाताच्या पंजाएवढे गोल फिरकीचे झाकण आहे. पट्ट्यांसाठी मात्र कड्या दोनच आहेत, त्याही पाठीच्या टेक्यासाठी दिलेल्या. वजनाची कमाल मर्यादा १३० किलो लिहिली आहे.

दोन शंका उरल्या. पुढच्या दोन कड्या नसताना पट्टे लावायचे कसे? आणि मुलीचे काय करावे? ती आता ३८ किलोची आहे, म्हणजे दोघांचे मिळून १२० किलो, जे मर्यादेच्या आत बसते. तिला पुढे बसवून याच होडीवर लहान लाटा घेता येतील का, की १२ फुटीच घ्यावी?

ला होया किनारा

मुलीला पुढे बसवू नका. कागदावरची मर्यादा ही होडी तरंगत राहण्याची असते, ती नीट चालण्याची नव्हे. तिच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंतच भार ठेवावा असा माझा प्रघात आहे, आणि १३० च्या होडीत तुम्ही एकटेच त्या हिशेबाच्या काठावर आहात. शिवाय ३८ किलो पुढे सरकले की रॉकरचा सगळा उपयोग संपतो आणि नाक पहिल्याच लाटेत खाली जाते. दुहेरी होडीतही नेमकी हीच अडचण येते, आणि त्यात आणखी एक भर पडते. होडी आडवी झाली की पुढचा माणूस आणि मागचा माणूस एकमेकांवर, किंवा होडी दोघांवर. येथे ला होया शोअर्सवर, समुद्राखालच्या दरीमुळे ज्या दक्षिण टोकाला लाट सर्वांत लहान असते तेथेच भाड्याच्या दुहेरी होड्या समुद्रात सोडतात, आणि तरीही परत येताना त्या उलटलेल्या मी जवळजवळ प्रत्येक आठवड्यात पाहतो. ओशन कयाकच्या मालिबू टूसारख्या काही १२ फुटी होड्यांत मधोमध बसून एकट्याने चालवण्याची सोय असते. घ्यायचीच असेल तर तशी घ्या, पण ती खाडीच्या सहलीसाठी म्हणून घ्या.

माझ्या मते या वर्षी ९ फुटी एकच घ्यावी आणि पाळीपाळीने वापरावी. खरे सांगायचे तर ३८ किलोच्या मुलीला तीच होडी तुमच्यापेक्षा अधिक चांगली चालेल. गुडघाभर लाट तुम्हाला उचलायला नाखूश असेल, तिला आनंदाने उचलेल. ती होडीवर असेल तेव्हा तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा, मात्र होडीच्या समुद्राकडच्या बाजूला. होडी आणि किनारा यांच्या मध्ये कोणीही, कधीही उभे राहू नये. २० किलोची रिकामी होडीसुद्धा लाटेबरोबर येऊन गुडघा मोडू शकते.

मांद्र्याची वाट

कड्यांचे सांगते. होडीला सरळ भोक पाडून स्क्रू मारू नका. पॉलिथिलीन मऊ असते, ओढ बसली की स्क्रू उपटून येतो आणि पोटात पाणी शिरते. आतून हात पोहोचत असेल तेथे मागे मोठी वॉशर देऊन नटबोल्टने कडी बसवावी. तुमचे मागचे फिरकीचे झाकण पुढच्या भागापर्यंत हात जाऊ देणार नाही, म्हणून तेथे रबरी बाहीचा नट वापरा, जो भोकात घालून बोल्ट आवळला की आतल्या बाजूने फुगून घट्ट बसतो आणि पाणीही अडवतो. नळाचे आणि जहाजांचे सामान विकणाऱ्या दुकानांत तो मिळतो. बोल्ट मात्र गंज न धरणाऱ्या पोलादाचा, ३१६ दर्जाचा घ्या.

भोक पाडण्याआधी होडी गवतावर ठेवून तिच्यात बसा, पाय खोबणीत ठेवा, पट्टे हातात धरून गुडघे बाहेर दाबा आणि जोर कोठे येतो तेथे पेन्सिलीने खूण करा. पुढची कडी पायाच्या टाचेच्या थोडी पुढे, मागची कमरेच्या थोडी मागे येते, पण ८२ किलोच्या वडिलांची खूण आणि ३८ किलोच्या मुलीची खूण एक येणार नाही. खुणा तुमच्या मापाने करा. मुलीला पहिले वर्ष पट्टे लावायचेच नाहीत.

बसवून झाल्यावर समुद्रावर नेण्याआधी एकदा खवण्याच्या खाडीत अर्धा तास वल्हवून या, किनाऱ्यावर होडी तिरकी करून निचऱ्याचा स्क्रू काढा आणि किती पाणी पडते ते पाहा. पेलाभर पडले तर चालेल. त्याहून अधिक पडले तर कडी पुन्हा काढून बसवा.